काचेतली देवी आणि सोळा जोड बूट

हौसाताई,

परवा तुमच्या तेराव्याला जेवून तुमच्या गावाहून, मार्गासनीहून, निघाले आणि एसटीत खिडकीची जागा मिळाल्या मिळाल्या तुमच्याशी भांडायला लागले. शेजारच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. माझे ओठ हलत असणार. विषय आपला चार वर्षांचा जुनाच, काचेच्या पेटीत ठेवलेल्या देवीपुढे पायताण काढायचं की नाही. मी म्हणते नाही, तुम्ही म्हणता हो. आता तुमच्याकडून बोलायला कोणी नाही, म्हणून दोन्ही बाजू मीच लढवत होते. चेलाडी फाटा येईपर्यंत तुम्ही जिंकलात.

पण भांडण हे निमित्त. मला तुम्हाला वेगळंच काही सांगायचं होतं आणि चार वर्षांत ते सांगून झालं नाही. त्या दिवशी सिंगापुरात, सोळा मुलींसमोर, त्यात तुमच्या लेकीसमोर, कोमलसमोर, मी तुम्हाला अडाणी म्हणाले. त्याची माफी मागायची राहिली. रोज फळ्यावर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणारी मी, स्वतःची एक चूक पुसायला मला चार वर्षं पुरली नाहीत.

तुमची आणि माझी गाठ पडली तीच मुळी माझ्या मनाविरुद्ध. आपल्या शाळेच्या मुलींच्या लेझीम पथकाला सिंगापूरच्या मराठी मंडळींनी दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलावलं. शाळेचाच एक जुना विद्यार्थी तिथे असतो, त्याने तिकिटांपासून मुक्कामापर्यंत सगळं अंगावर घेतलं. मुलींबरोबर एक शिक्षिका आणि एक आई हवी, असं ठरलं. शिक्षिका मी. पालकसभेत मुख्याध्यापकांनी विचारलं, कोण येतं? ऐन भातकापणीत जायचं, म्हणून सगळ्या आया एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. तुम्ही मागच्या भिंतीशी बसला होता, तिथून हात वर केलात.

"मी येते. पोरीस्नी येळंवर खायाला घालाया कुणीतरी पायजे का न्हाई? बाई गणिताच्या हायेत. त्या निस्त्या मोजत बसतील."

सगळी सभा हसली. मीही हसले, वरवर. नंतर मुख्याध्यापकांना गाठून म्हणाले की भोरची एखादी इंग्रजी बोलणारी आई बघा, या बाई स्वारगेटच्या पुढे गेलेल्या नाहीत. ते म्हणाले, "हात त्यांनीच वर केला ना?" तिथे माझं काही चाललं नाही.

मग तुमच्या पासपोर्टची धमाल. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा तुम्ही शेतात होता. तुमच्या थोरल्या जाऊबाई, सुंदराबाई, दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, "तिनं काय बी केलं न्हाई. सकाळधरनं भात कापतीया, इचारा कुणालाबी." तो बिचारा कागद दाखवतोय आणि या त्याला साक्षीदारांची नावं सांगतायत. शेवटी तुम्ही विळा हातात घेऊनच आलात आणि सही केलीत. चौथी पास होता तुम्ही. सही करताना जीभ दातात धरायचा आणि शेवटच्या अक्षरावरची रेघ कागदाच्या कडेपर्यंत ओढायचा. कापणी अर्धी राहिली होती. सुंदराबाई म्हणाल्या, तू जा, राहिलेलं मी बघते.

निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. तुमच्या पिशवीत मशेरीची डबी निघाली. मी म्हटलं, तिथे तंबाखू चालत नाही, नेली तर विमानतळावरच अडकवतील. तुम्ही डबीकडे असं बघितलंत की सासरी निघालेल्या लेकीकडेच बघताय. "चार दिस? बाई, दात कसं घासू मी?" पण काढून ठेवलीत. त्या चार दिवसांत तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी शांत राहिलात, आणि माझी तर कुठलीच डबी काढून घेतली नव्हती.

बुटांचं डोकंही तुमचंच. त्या जुन्या विद्यार्थ्याने सोळा मुलींना एकसारखे पांढरे बूट पाठवले होते. एकीच्या पायात दुसरीचे जाणार, हे मला सुचलं नाही, तुम्हाला सुचलं. तुम्ही जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडल्यात आणि प्रत्येक जोडाच्या नाड्यांना वेगळ्या रंगाची चिंधी शिवलीत. हिरवी, जांभळी, ठिपक्यांची, काठाची. मला ते गावंढळ वाटलं. मी तोंड वाकडं केलं, तुम्ही ते बघितलंत आणि पुढची चिंधी शिवायला घेतलीत.

लेझीम झकास झाली. त्याबद्दल आपल्या दोघींत कधी वाद नव्हता, म्हणून ते इथे सांगत नाही. दुसरा दिवस फिरायचा. त्या दिवसाचा तक्ता मी केला होता, पाच-पाच मिनिटांचा. सकाळी संग्रहालय, मग जेवण, आणि बरोबर तीन वाजता तो मोठा आकाशपाळणा. मुली महिनाभर त्या पाळण्याचंच बोलत होत्या. जत्रेतला पाळणा त्याच्या पायरीएवढा, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. तीनची वेळ चुकली तर दुसरी मिळणार नव्हती, हे मी बसमध्ये तीनदा बजावलं.

बसमधून तुम्ही उंच इमारती बघत होता. वीस-पंचवीस मजल्यांच्या खिडक्यांतून बांबू बाहेर काढलेले आणि त्यांवर कपडे वाळत घातलेले. "आगं बया, एवढ्या वर बी धुणं वाळत घालत्यात. म्हंजी हितं माणसंच ऱ्हात्यात म्हणायची." तोवर तुम्हाला ते शहर खरं वाटलेलं नव्हतं. धुणं दिसल्यावर तुम्ही सैल होऊन बसलात आणि मुलींना लाडू वाटायला लागलात.

संग्रहालयात तुम्हाला मुलींबरोबर सोडून मी खाली गेले, बसवाल्याला तीनच्या वेळेची आठवण करून द्यायला. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण सोळा जणींनी इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होते असंच वाटतं. वरच्या मजल्यावर एका दालनाच्या दारात तुम्ही थबकलात. आत काचेच्या उंच पेटीत दगडाची देवी, पायाखाली रेडा, आठ हात, वरून पिवळा उजेड. तुम्ही म्हणालात, "आई, तू हितं कशी गं?" मग मुलींकडे वळून, "पोरीनो, ही आपल्या मेंगाईची थोरली बहीण दिसती. बूट काढा आदी. दाराभाईर वळीनं लावा, सप्त्यात लावतो तसं."

आणि सोळा मुलींनी बूट काढले. शाळेत मी तीनदा ओरडल्याशिवाय वही न काढणाऱ्या मुलींनी, तुमच्या एका शब्दावर, टाचा भिंतीला लावून सोळा जोड ओळीने मांडले. टोकाला तुमच्या चपला. आत जाऊन तुम्ही कनवटीची पुडी काढलीत आणि देवीच्या पायाशी, म्हणजे काचेवर, हळदीकुंकवाची दोन बोटं लावलीत. मग आरती, टाळ्यांसकट. तिथला राखणदार धावत आला. तो तमिळ असावा, असा माझा अंदाज. कोमल सांगते, तो आधी हात हलवत आला, मग देवीकडे बघून थांबला आणि आरती संपेपर्यंत गप्प उभा राहिला. संपल्यावर हात जोडले, आणि मग रुमालाने काच पुसत पुसत तुम्हाला समजावलं की असं चालत नाही. तुम्ही त्याला प्रसादाचा लाडू दिलात.

इथवर सगळं निभावलं असतं. पण त्या इमारतीत माणसांना एकाच दिशेने पुढे सरकवत नेतात. आपल्याकडच्या देवळात ज्या दाराने आत गेलो त्याच दाराने बाहेर येतो, म्हणून तर पायताण दाराशी ठेवता येतं. तुम्ही दालनामागून दालन बघत गेलात आणि मागच्या बाजूच्या रस्त्यावर बाहेर पडलात. मी पुढच्या दाराशी घड्याळ बघत उभी. शोधत शोधत मागे आले तर सोळा मुली आणि एक बाई तापलेल्या फरशीवर एक पाय उचलून एक टेकवत उभ्या.

"बूट कुठायत?"

"वर, देवीपाशी," सोळा जणी एका सुरात.

वर गेलो तर दालनाच्या दाराशी पिवळी पट्टी ताणलेली. तीन राखणदार, एकाच्या हातात बोलायचं यंत्र; आरती ऐकलेला तो तमिळ नेमका जेवायला गेलेला. पट्टीच्या आत आपले सोळा जोड बूट आणि तुमच्या चपला. बेवारस सामान. त्यात प्रत्येक बुटाला चिंधी बांधलेली, तीही वेगळ्या रंगाची, म्हणजे काहीतरी खुणेचंच असणार. आज हे लिहिताना हसून माझ्या डोळ्यांत पाणी येतंय. त्या वेळी मात्र मला घाम फुटला होता. एकेक जोड, एकेक मुलगी, एकेक कागद, एकेक सही. कोणाची कुठली चिंधी ते तुम्हाला तोंडपाठ होतं. तुम्ही बोट दाखवत होता आणि जेवून परत आलेला तो तमिळ राखणदार लिहीत होता. तुमच्या चिंध्या नसत्या तर आपण संध्याकाळपर्यंत तिथेच असतो. हेही मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

बाहेर आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. पाळणा गेला. एक मुलगी मुसमुसायला लागली, तिचं बघून दुसरी. आणि मी तुमच्याकडे वळून म्हणाले, "तरी मी सांगत होते मुख्याध्यापकांना, अडाणी बाईला विमानात बसवू नका म्हणून!"

कोमलने मान खाली घातली. तुम्ही तिच्यासमोर बसलात, तिची सुटलेली नाडी बांधलीत, दोन गाठी मारल्यात. उठून म्हणालात, "बाई, पोरींच्या पोटात सकाळच्या लाडवाबिगर कायबी न्हाई. आदी खाऊन घिऊ."

नदीकाठच्या गवतावर एका झाडाखाली तुम्ही फडकं अंथरलंत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट. मी जरा दूर बाकावर, न केलेल्या प्रवासाचा तक्ता हातात घेऊन बसले. तेवढ्यात संग्रहालयातली सफाईवाली आली, साठीच्या पुढची एक चिनी बाई. बूट पहिल्यांदा तिनेच बघितले होते आणि तिनेच कळवलं होतं. ओशाळं तोंड करून ती लांब उभी राहिली. तुम्ही हाक मारलीत, "आवो ताई, या की हिकडं. दोन घास खावा." मराठी मोठ्याने बोललं की कोणालाही कळतं यावर तुमचा ठाम विश्वास होता. आणि तिला कळलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. ती आली, मांडी घालून बसली. चटणीचा घास खाल्ला, ठसकली, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला. पंधरा मिनिटांत तिने तुम्हाला तिचे गुडघे दाखवले होते आणि तुम्ही तिला सांगत होता, "तिळाचं त्याल चोळा निजताना. कोमट करून."

मग मुली म्हणाल्या, काकू, पाळणा नाही तर नाही, फुगडी खेळूया. बूट पुन्हा निघाले, या वेळी माझ्या नजरेसमोर. झिम्मा झाला, फेर झाला. तुम्ही त्या सफाईवाल्या बाईचे हात अढी घालून धरलेत आणि बघता बघता ती गरागरा फिरायला लागली. गुडघे विसरून. खिदळत होती पोरीसारखी. येणारेजाणारे थांबून टाळ्या देत होते. एका गोऱ्या जोडप्याने मुलींकडून फुगडी शिकून घेतली आणि दोघंही आपटली.

आणि मग तुम्ही माझ्या बाकाशी आलात. दोन्ही हात पुढे.

"उठा बाई."

"माझी पाठ दुखते."

"फुगडीत पाट मोकळी हुती. उठा."

मी उठले. तुमच्या हातात हात दिले. कापणीने खरखरीत झालेले, घट्ट हात. फुगडीत माणूस पाय जुळवून मागे रेलतो, सगळा भार समोरच्याच्या हातांवर. तासाभरापूर्वी मी ज्या बाईला अडाणी म्हणाले होते तिच्या हातांवर मी मागे रेललेले. तुम्ही हात सोडले असते तर मी तिथेच उताणी पडले असते, आणि तो तुमचा हक्कही होता. तुम्ही पकड आणखी आवळलीत आणि म्हणालात, "जोरात घ्या की, काय म्हातारीसारखं!" नदी, इमारती, मुली, सगळं फिरत होतं. मी किती वर्षांनी एवढ्या मोठ्याने हसले ते मला आठवत नाही. लग्नाच्या आधी कधीतरी हसले असेन.

विमानात मुलींना विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडलं? सोळापैकी एकीनेही पाळण्याची हळहळ केली नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्या आयुष्यातून गेलाच नाहीत. कोमलला भोरच्या कॉलेजात घातलंत, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी तुमची तिथल्या माझ्या घरी फेरी. इंद्रायणी तांदळाची पिशवी दारात ठेवायची, पाणी प्यायचं आणि वादाला सुरुवात. मी म्हणायचे, हौसाताई, ती मूर्ती बघायला ठेवलीय, पुजायला नाही. तिथे कोणी पुजारी नाही, नैवेद्य नाही. तुम्ही म्हणायचा, "मंग तर जास्तच काढायला पायजेत पायताणं. बिचारीला तिथं दुसरं कोण हाय?" माझे मिस्टर आतून ओरडायचे, हौसाताईंना एक गुण.

आणि तीनदा, मोजून तीनदा, मी ते वाक्य सुरू केलं. एकदा नसरापूरला एसटीची वाट बघताना, एकदा तुमच्या ओसरीवर, एकदा माझ्या स्वयंपाकघरात. "हौसाताई, त्या दिवशी मी तुम्हाला..." एवढं झालं की तुम्ही म्हणायचा, "त्या दिशी लई ऊन व्हतं बाई," आणि लगेच दुसरं काहीतरी काढायचा. मला वाटायचं तुम्हाला ते नकोय. कधी वाटायचं तुम्ही विसरलात. खरं सांगायचं तर, तुम्ही थांबवलंत की मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्या सुटण्याचीच मला लाज वाटायची.

आता परवाचं ऐका.

पंगत बसली होती. माझ्या शेजारी तुमच्या माहेरच्या, उत्रोलीच्या एक काकू. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमीच व्हय त्या सिंगापूरच्या बाई? देवीम्होरं सगळ्यात आदी पायताण काढणाऱ्या?"

मला कळेना. पलीकडची दुसरी म्हणाली, "हौसा लई सांगायची. बाईंनी सोता आदी चपला काढल्या, मंग पोरींनी. आनं पोलीस आला तवा बाई म्होरं हुभ्या ऱ्हायल्या. माज्या पोरींना हात लावायचा न्हाई म्हणल्या." सगळ्या पंगतीला ही गोष्ट पाठ होती. एक विसरली की दुसरी पुढचं सांगत होती. तुमच्या गोष्टीत मी कोणाला काही बोलले नव्हते. तुमच्या गोष्टीत पाळणा चुकला तेव्हा मीच मुलींना म्हणाले, चला, फुगडी खेळूया.

घास हातात राहिला. मला गप्प बसता आलं असतं. सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या आणि ते कौतुक तुम्ही मला देऊन ठेवलेलं होतं. पण समोर कोमल ताक वाढत होती आणि तिच्या देखत मला तो घास गिळता येईना.

मी म्हणाले, "नाही हो. चपला हौसाताईंनी काढायला लावल्या. मी तिथे नव्हतेच. आणि पाळणा चुकला तेव्हा मी सगळ्यांसमोर त्यांना अडाणी म्हणाले. माफीसुद्धा मागितली नाही मी."

सुंदराबाई भाताची परात घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"ठाव हाय आमाला," त्या म्हणाल्या. "कोमलनं घरी आल्या आल्याच सांगितलं व्हतं. मी लई तापले. म्हणलं, उद्या शाळंत जाऊन त्या बाईला इचारतेच. तर हौसा म्हणली, आक्का, सोळा पोरी व्हत्या तिच्या जिवाला. गेलं तोंडातनं. कापणीच्या टायमाला मी तुमाला काय काय बोलते, ते तुमी गावभर सांगता व्हय?" त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मध्येच हसल्या. "मंग तिनं आपली गोष्ट बनावली. आमी बी तीच सांगतो. तिचीच ऱ्हाऊ द्या बाई, ती जास्त चांगली हाय."

आणि त्यांनी माझ्या पानात भात वाढला.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, हौसाताई. मार्गासनीपासून उत्रोलीपर्यंत. चार वर्षं मी त्या गावात ताठ मानेने येत-जात होते, चहा पीत होते, आणि त्या सगळ्या बायका तुमच्या शब्दासाठी मला सांभाळून घेत होत्या. आणि मला वाटत होतं, तुम्हाला सांभाळून घेऊन परदेशात नेलं ते मी.

म्हणून आज हे लिहायला बसले. पंगतीत सगळ्यांना सांगून झालं, फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं आहे. तुम्ही मध्ये बोलला असता तर फार बरं वाटलं असतं, पण आज हे वाक्य मला पूर्ण करावं लागणार.

हौसाताई, त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर अडाणी म्हणाले. मी चुकले. मला माफ करा.